कारभाराचें शास्त्र शिकवितां येतें काय ?

महाराष्ट्रांत बारावीच्या वाणिज्य शाखेचा विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्रीं जीं टिपणें घोकीत बसतो, त्यांत हेन्री फेयॉल या फ्रेंच गृहस्थाच्या चौदा तत्त्वांची यादी हटकून असते. श्रमविभागणी, अधिकार आणि जबाबदारी, शिस्त, आदेशाची एकवाक्यता अशी ती सुरू होते आणि संघभावनेपाशीं येऊन संपते. विद्यार्थी ती पाठ करतो, उत्तरपत्रिकेंत उतरवितो, आणि निकाल लागला कीं विसरून जातो. यांत त्याचा दोष थोडा. हीं तत्त्वें कोणत्या माणसानें, कोणत्या प्रसंगांतून आणि केवढ्या किंमतीला मिळविलीं हें त्याला बहुधा कोणी सांगितलेलें नसतें. खुर्चींत बसून कल्पिलेल्या त्या गोष्टी नव्हेत. दगडी कोळशाच्या खाणींत आगीशीं झुंजतांना आणि पुढें एका बुडत्या कंपनीचा गाडा ओढतांना, अठ्ठावन्न वर्षांच्या चाकरींत त्या एकेक करून गोळा झालेल्या आहेत.

यामागचा प्रश्न फार जुना आहे. दहा माणसें एकत्र आलीं कीं कोणाला तरी त्यांचा कारभार पाहावा लागतो. मग तें गांवचें वाचनालय असो, सहकारी पतपेढी असो, गणेशोत्सवाचें मंडळ असो, कीं हजारों मजुरांचा कारखाना असो. हा कारभार पाहण्याचें कौशल्य माणसाच्या अंगीं उपजतच असावें लागतें, कीं अंकगणित आणि व्याकरण यांप्रमाणें तें शिकतां व शिकवितां येतें ? ‘पिंडच तसा असावा लागतो’, हें उत्तर सर्व देशांत सर्व काळीं ऐकूं येत आलें आहे. या उत्तरानें एक सोय होते. कारभार बिघडला कीं दोष दैवाकडे जातो आणि शिकण्याचे श्रम वांचतात. फेयॉलचें सारें आयुष्य म्हणजे या उत्तराचें खंडन होय.

हेन्री फेयॉल याचा जन्म २९ जुलै १८४१ रोजीं इस्तंबूल शहरीं एका फ्रेंच कुटुंबांत झाला. शिक्षण मात्र फ्रान्समध्यें झालें. सेंत-एतिएन येथील खाणशास्त्राच्या विद्यालयांतून १८६० सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, तो इंजिनिअर होऊन बाहेर पडला आणि मध्य फ्रान्समधील कोमांत्री येथील कोळशाच्या खाणीवर नोकरीस लागला. ज्या कंपनीच्या चाकरींत त्यानें पहिलें पाऊल टाकलें, त्याच कंपनीच्या मुख्य व्यवस्थापकपदावरून तो १९१८ सालीं निवृत्त झाला. एका घरांत एवढीं वर्षें काढलेल्या माणसाला त्या घराचा पाया आणि भेगा दोन्ही ठाऊक होतात.

विद्यालयांत त्याला पुष्कळ शिकविलें होतें. खडकांचे थर कसे ओळखावे, पाणी कसें उपसावें, कूप किती खोल खणावा, हें सर्व त्याला येत होतें. उच्च गणितही त्याचें झालेलें होतें. परंतु शेंकडों मजुरांना हाताळावें कसें, वरिष्ठ नसतांना निर्णय कोणी घ्यावा, एका खात्याचें दुसऱ्याशीं पटत नसेल तर काय करावें, याविषयीं त्या विद्यालयांत एक अक्षरही कोणी उच्चारलें नव्हतें. तो धडा त्याला खाणीनें दिला, आणि तोही फार लवकर.

१८६१ सालच्या मे महिन्यांतील ही गोष्ट. त्या काळीं खाणींत कोळशाच्या लहान गाड्या रुळांवरून ओढण्यासाठीं घोडे ठेवीत असत. सेंत-एदमों नांवाच्या कूपाच्या सहाव्या मजल्यावर एका सकाळीं काम करणाऱ्या घोड्याचा पाय मोडला. वयाची विशीही न गाठलेल्या फेयॉलनें ताबडतोब दुसरा घोडा देण्याविषयीं चिठ्ठी लिहून पागेवर पाठविली. पागेवरच्या मोतद्दारानें ती परत केली. चिठ्ठीवर मुख्य व्यवस्थापकाची सही नव्हती, आणि त्या सहीखेरीज घोडा सोडावयाचा नाहीं असा त्याला सक्त हुकूम होता. व्यवस्थापक त्या दिवशीं गांवीं नव्हता. त्याच्या माघारीं सही कोणी करावी हें त्यानें कोणालाच सांगून ठेवलेलें नव्हतें. फेयॉलनें विनवण्या केल्या. मोतद्दार हुकमाला चिकटून राहिला. घोडा मिळाला नाहीं आणि सहाव्या मजल्यावरचें त्या दिवसाचें उत्पादन बुडालें.

दुसरा एखादा तरुण अधिकारी असता तर त्यानें मोतद्दाराच्या आडमुठेपणाला चार शिव्या दिल्या असत्या आणि प्रकरण विसरून गेला असता. फेयॉलनें ती घटना आपल्या टिपणवहींत लिहून ठेवली. विचार करतां त्याला दिसलें कीं मोतद्दाराचा यांत कांहींच अपराध नव्हता. तो प्रामाणिक नोकर होता आणि मिळालेला हुकूम पाळीत होता. घोडे सहीवांचून सोडूं नयेत हा नियमही वाईट नव्हता. नाहीं तर पागा महिन्याभरांत रिकामी झाली असती. उणीव एवढीच होती कीं वरिष्ठानें जातांना आपला अधिकार कोणाच्या तरी हातीं देऊन जाण्याची व्यवस्था केलेली नव्हती. नियम होता, पण ज्याच्या हातून तो चालावयाचा तो माणूस जाग्यावर नव्हता. अशा टिपणवह्या फेयॉल पुढें आयुष्यभर लिहीत राहिला. त्याच्या शास्त्राचें मूळ या वह्यांत आहे.

कोमांत्रीची कोळशाची शीर फार जाड होती आणि तिला एक खोड होती. तेथला कोळसा हवा लागतांच आपोआप पेट घेई. भूगर्भांत लागलेली आग विझविणें हें मोठें जिवावरचें काम. धूर कोठून येतो तें शोधावयाचें, त्या बाजूचा रस्ता भिंत घालून बंद करावयाचा, आंतल्या माणसांना वेळेवर बाहेर काढावयाचें, आणि हें सर्व करतांना डोकें थंड ठेवावयाचें. फेयॉलचीं पहिलीं वर्षें या कामांत गेलीं. कोळसा पेट कां घेतो याचा त्यानें शास्त्रीय अभ्यास केला आणि त्यावर निबंध प्रसिद्ध केले. १८६६ सालीं, पंचविशीच्या उंबरठ्यावर, कोमांत्रीच्या खाणीचा तो व्यवस्थापक झाला. १८७२ सालीं त्याच्याकडे खाणींचा एक संपूर्ण समूह सोंपविण्यांत आला.

खरी कसोटी १८८८ सालीं आली. कोमांत्री-फूर्शांबो या नांवानें ओळखली जाणारी ही कंपनी नुसत्या खाणींची नव्हती. लोखंडाचे आणि पोलादाचे कारखानेही तिच्या मालकीचे होते. १८८५ पासून तिनें भागधारकांना लाभांश म्हणून एक फ्रँकही दिलेला नव्हता. जुन्या खाणींतील कोळसा सरत आला होता, फूर्शांबो आणि मोंलूसों येथील कारखाने तोट्यांत होते, आणि कंपनी मोडीत काढण्याची भाषा सुरू झाली होती. अशा घडीला संचालकांनीं फेयॉलला मुख्य व्यवस्थापक नेमलें. हजारों कामगारांचीं घरें या निर्णयावर अवलंबून होतीं. कंपनी बुडती तर भागधारकांचे पैसे बुडाले असते. पण खाणीवर वसलेल्या गांवांची चूलच विझली असती.

त्यानें केलें काय ? जादू कांहीं केली नाहीं. तोट्याचे विभाग बंद केले, विखुरलेलें काम एका ठिकाणीं आणलें. सरत आलेल्या कोळशाला पर्याय म्हणून १८९२ सालीं दक्षिणेकडील देकाझव्हील येथील खाणी व कारखाने कंपनीच्या ताब्यांत घेतले. पुढें काय काय घडेल याचा अंदाज घेऊन एक वर्षाचा आणि दहा वर्षांचा असे दोन आराखडे तो तयार करवी, आणि दहा वर्षांचा आराखडा दर पांच वर्षांनीं नव्यानें मांडी. खातेप्रमुखांना दर आठवड्यास एकत्र बसवून एकाची अडचण दुसऱ्याच्या कानीं घालण्याची वहिवाट त्यानें पाडली. संशोधनावर खर्च करण्यास तो कचरला नाहीं. कंपनीच्या इम्फी येथील पोलादाच्या कारखान्याच्या साहाय्यानें शार्ल एदुआर गियोम या शास्त्रज्ञानें १८९६ मध्यें ‘इन्वार’ नांवाचा मिश्रधातु शोधून काढला. उष्णतेनें तो जवळजवळ प्रसरण पावत नाहीं, म्हणून घड्याळें आणि मोजमापाचीं उपकरणें बनविण्यास तो अमोल ठरला. गियोमला १९२० सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. १९१८ सालीं फेयॉल निवृत्त झाला त्या वेळीं कंपनीची स्थिति भक्कम होती. पुढें त्याला स्वतःला विशेष वाटलें तें हें कीं खाणी त्याच होत्या, यंत्रें तींच होतीं, बाजारही तोच होता. बदलली होती ती केवळ कारभाराची पद्धत.

या यशाला दुसरी बाजू नव्हती असें मात्र नव्हे. जो विभाग बंद झाला तेथल्या मजुरांना ही सुधारणा गोड लागली नसणार. आणि देकाझव्हीलचें नांव तर फ्रान्समध्यें त्यापूर्वींच रक्तानें लिहिलें गेलें होतें. २६ जानेवारी १८८६ रोजीं तेथल्या संतप्त खाणमजुरांनीं वात्रें नांवाच्या अधिकाऱ्याला खिडकींतून खालीं फेंकलें आणि त्यांत त्याचा अंत झाला. मजुरींतील काटछाट हें त्या रागाचें मूळ होतें. पुढें संप कित्येक महिने चालला आणि त्याचे पडसाद थेट पॅरिसच्या लोकसभेंत उमटले. सहा वर्षांनीं फेयॉलच्या कंपनीनें हीच जागा घेतली. त्याच्या चौदा तत्त्वांत ‘न्याय’ आणि ‘योग्य मोबदला’ यांना शिस्तीच्या शेजारीं स्थान मिळालें, तें कोणत्या काळांतलें आणि कोणत्या खाणींतलें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ते शब्द गुळगुळीत वाटत नाहींत. शिस्त कोठें बिघडली तर मजुरांकडे बोट दाखविण्यापूर्वीं वरिष्ठ कसे आहेत तें पाहावें, असा त्याचा रोख होता. चांगले वरिष्ठ, स्पष्ट व न्याय्य करार, आणि विवेकानें दिलेली शिक्षा या तीन गोष्टींवर शिस्त उभी राहते असें त्यानें लिहिलें. न्यायाची त्याची कल्पनाही निव्वळ कायद्याची नाहीं. नियमांच्या न्यायांत मायेचा ओलावा मिसळला म्हणजे जें होतें तें त्याला अभिप्रेत होतें.

हा सगळा अनुभव लोकांपुढें मांडण्यास त्यानें घाई केली नाहीं. १९०० सालीं पॅरिस येथें भरलेल्या खाण व धातुउद्योगाच्या परिषदेंत त्यानें प्रथम या विषयावर भाषण केलें. १९०८ मध्यें सेंत-एतिएन येथें तो पुन्हा बोलला. त्याचा ग्रंथ १९१६ सालीं, महायुद्ध ऐन भरांत असतांना, खाणउद्योगाच्या एका नियतकालिकांत प्रसिद्ध झाला; लेखकाचें वय त्या वेळीं पंचाहत्तर होतें. त्यानें चार भागांचा संकल्प केला होता. त्यांतील पहिले दोनच प्रसिद्ध झाले. स्वतःचे अनुभव आणि युद्धापासून घ्यावयाचे धडे हे उरलेले भाग त्याच्या हयातींत बाहेर आले नाहींत.

ग्रंथाच्या आरंभींच त्यानें आपल्या सिद्धांताची मांडणी केली. प्रत्येक उद्योगांत सहा प्रकारचीं कामें असतात. माल तयार करणें, खरेदी-विक्री, भांडवलाची तजवीज, माणसांचें व मालमत्तेचें संरक्षण, हिशेब, आणि सहावें काम कारभाराचें. पहिल्या पांचांना स्वतंत्र शिक्षण आहे, शाळा आहेत, पुस्तकें आहेत. सहाव्याला कांहींच नाहीं. आणि गंमत अशी कीं माणूस जसजसा वर चढतो तसतसें याच सहाव्या कामाचें महत्त्व वाढत जातें. हें पटविण्यासाठीं त्यानें शिक्षकाप्रमाणें गुण वांटून दाखविले. मजुराच्या कर्तबगारीला शंभर गुण धरले तर त्यांतील ८५ हातच्या कौशल्याचे आणि अवघे ५ कारभाराचे. मुकादमाच्या बाबतींत हेंच प्रमाण ६० आणि १५ होतें. मोठ्या कारखान्याच्या प्रमुखाला तांत्रिक ज्ञानाचे १५ पुरतात, पण कारभाराचे ४० लागतात. आणि राष्ट्रप्रमुखाच्या बाबतींत कारभाराचे गुण ६० पर्यंत चढतात. हे आंकडे आपल्या अंदाजाचे आहेत हें त्यानें लपविलें नाहीं. परंतु त्यांतून निघणारी गोष्ट रोजच्या पाहण्यांतली आहे. उत्तम कारागिराला बढती देऊन मुकादम करावें आणि एक चांगला कारागीर गमावून एक वाईट मुकादम पदरांत पाडून घ्यावा, हें कोठें घडत नाहीं ?

कारभार म्हणजे नेमकें काय, याचींही त्यानें पांच अंगें सांगितलीं. पुढचें पाहून बेत आंखणें, माणसांची व साधनांची जुळणी करणें, आज्ञा देणें, निरनिराळ्या कामांचा मेळ घालणें, आणि ठरल्याप्रमाणें घडलें कीं नाहीं याची तपासणी करणें. वरवर पाहतां हें सामान्य वाटतें. घरचें लग्नकार्य ज्या बाईनें निभावून नेलें आहे तिला या पांचही गोष्टी ठाऊक असतात. तिनें पाहुण्यांची मोजदाद महिनाभर आधीं केलेली असते, आचाऱ्याला आणि वाढप्यांना कामें वांटून दिलेलीं असतात, आणि मुहूर्ताच्या वेळीं पंक्तीचा घोळ होऊं नये म्हणून भटजी आणि स्वयंपाकघर यांचा मेळ तीच घालते. परंतु तिला ठाऊक असलेली गोष्ट तिच्या सुनेला सांगावयाची तर शब्द हवे असतात. फेयॉलनें ते शब्द दिले.

तत्त्वांपैकीं एक-दोन जवळून पाहण्याजोगीं आहेत. ‘आदेशाची एकवाक्यता’ म्हणजे एका नोकराला एकाच वरिष्ठाकडून हुकूम मिळावा. एकाच शिपायाला चिटणीस एक सांगतो आणि खजिनदार दुसरें सांगतो, अशी संस्था ज्यानें पाहिली आहे त्याला याचें मर्म समजाविण्याची गरज नाहीं. मराठींत ‘बारभाईंचा कारभार’ हा वाक्प्रचार अशाच गोंधळाला वापरतात. याच मुद्द्यावर फेयॉलचा अमेरिकेंतील फ्रेडरिक टेलर याच्याशीं मतभेद झाला. टेलर कारखान्यांत उमेदवारीपासून चढत गेलेला. १९११ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथानें जगभर खळबळ उडविली होती. एकेका कामगारावर निरनिराळ्या विषयांतले आठ मुकादम असावेत अशी टेलरची योजना होती. टेलरच्या बुद्धीचा फेयॉलला आदर होता, पण आठ धन्यांचा एक चाकर ही कल्पना त्याला मानवली नाहीं. टेलरनें कामगाराच्या हाताकडे पाहून विचार सुरू केला, फेयॉलनें प्रमुखाच्या टेबलाकडे पाहून. आणि दोघांचीं शास्त्रें त्यामुळें एकमेकांना पूरक ठरलीं.

दुसरें तत्त्व अधिकारांच्या साखळीचें. हुकूम वरून खालीं आणि वर्दी खालून वर पायरीपायरीनें जावी हा नियम. पण दोन शेजारच्या खात्यांतील समान दर्जाचे दोन अधिकारी असले, तर एकाचा साधा प्रश्न पांच पायऱ्या चढून मुख्याकडे जातो, तेथून पांच पायऱ्या उतरून दुसऱ्याकडे पोंचतो, आणि उत्तर तसेंच दहा पायऱ्यांनीं परत येतें. तोंवर प्रश्नच शिळा होतो. सरकारी कचेरींत ज्याचा कागद अडकला आहे त्याला या प्रवासाचें वर्णन नको. फेयॉलनें यावर ‘फळी टाकण्याचा’ उपाय सुचविला. ओढ्यावर फळी टाकावी तशी दोघांनीं थेट बोलणी करावी. मात्र आपापल्या वरिष्ठांची त्याला आधीं संमति असावी आणि काय ठरलें तें मागाहून त्यांना कळवावें. साखळीही तुटत नाहीं आणि कामही खोळंबत नाहीं. सेंत-एदमोंच्या कूपांत अडलेल्या त्या तरुण इंजिनिअरनें पन्नास-पंचावन्न वर्षांनंतर आपल्याच प्रश्नाला दिलेलें हें उत्तर होतें, असें म्हटलें तर चुकणार नाहीं. लेखी कागदांच्या अतिरेकावरही त्याचा कटाक्ष होता. समोरासमोर बोलून जें पांच मिनिटांत मिटतें तें पत्रापत्रींत चिघळतें आणि दोन खात्यांत वैर वाढवितें, हें संघभावनेविषयीं लिहितांना त्यानें आवर्जून सांगितलें आहे.

या तत्त्वांविषयीं एक गोष्ट पाठांतराच्या भरांत नेमकी सुटते. फेयॉलनें स्वतःच बजावलें होतें कीं तत्त्वांची संख्या चौदाच असावी असें कांहीं नाहीं, आणि त्यांतील एकही ताठर नाहीं. कारभारांत सारा प्रश्न प्रमाणाचा असतो. अधिकार किती एकवटावा आणि किती वांटावा याचें माप प्रत्येक संस्थेगणिक आणि प्रत्येक वेळीं निराळें. दीपस्तंभाचा उपयोग ज्याला गलबत हांकतां येतें त्यालाच होतो, अशा आशयाचा दृष्टांतही त्यानें दिलेला आहे.

निवृत्तीनंतर फेयॉल घरीं बसला नाहीं. त्यानें कारभाराच्या अभ्यासासाठीं पॅरिसमध्यें एक केंद्र चालविलें आणि सरकारच्या विनंतीवरून फ्रान्सच्या टपाल, तार व टेलिफोन खात्याची पाहणी केली. १९२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत खात्याला लांब मुदतीचा आराखडा नाहीं, ताळेबंद नाहीं, वरचा प्रमुख वारंवार बदलतो, लोकप्रतिनिधींची ढवळाढवळ फार होते आणि चोख काम करणाऱ्याला उत्तेजन नाहीं, असे दोष नोंदलेले आहेत. खाणींत सुचलेलीं सूत्रें सरकारी खात्यालाही लागूं पडतात हें त्यानें या पाहणीनें दाखविलें. १९२५ सालीं त्याचा मृत्यु झाला.

त्याची कीर्ति इंग्रजी जगांत उशिरां पसरली. पहिलें इंग्रजी भाषांतर थोड्याच लोकांच्या हातीं पडलें. १९४९ सालीं लंडनला निघालेल्या दुसऱ्या भाषांतरामुळें त्याचें नांव सर्वतोमुखीं झालें. पण तोंवर टीकाकारही उभे राहिले होते. हर्बर्ट सायमन या अमेरिकन विद्वानानें १९४६ सालीं अशीं तत्त्वें म्हणीसारखीं असतात असा आक्षेप घेतला. प्रत्येक म्हणीला उलट अर्थाची दुसरी म्हण सांपडते आणि दोहोंतील कोणती केव्हां लागूं करावी हें कोणतीच म्हण सांगत नाहीं. १९७३ सालीं हेन्री मिंट्झबर्ग या कॅनडाच्या अभ्यासकानें पांच मोठ्या अधिकाऱ्यांचा दिनक्रम प्रत्यक्ष पाहून लिहिलें कीं बेत आंखीत शांतपणें बसलेला प्रमुख पुस्तकांतच भेटतो; खऱ्या प्रमुखाचा दिवस तुकड्यातुकड्यांत, अडथळ्यांत आणि बोलण्यांत जातो. दोन्ही आक्षेप खरे आहेत. मात्र टिपणवहींत मोडक्या पायाच्या घोड्याची नोंद करणाऱ्या माणसाला ते नवे वाटले नसते. अडथळे कसे येतात हें त्याला पुरें माहीत होतें. त्या अडथळ्यांतून शिकावें कसें हाच त्याचा विषय होता.

भारतांत हें शिक्षण स्वातंत्र्यानंतर जोमानें सुरू झालें. १९६१ सालीं कलकत्ता व अहमदाबाद येथें भारतीय व्यवस्थापन संस्था निघाल्या. १९६५ मध्यें मुंबई विद्यापीठानें जमनालाल बजाज यांच्या नांवानें व्यवस्थापनाची संस्था काढली. अशा संस्थांतून शिकलेल्यांना मोठे पगार मिळतात आणि प्रवेशासाठीं झुंबड उडते. फेयॉलला यानें आनंदच झाला असता. पण त्याचें मागणें याहून मोठें होतें. कारभाराचें ज्ञान वरच्या चार लोकांपुरतें ठेवूं नये. प्राथमिक शाळेंत त्याचीं मुळाक्षरें, माध्यमिक शाळेंत थोडें अधिक, आणि वरच्या विद्यालयांत पुरतें, अशा क्रमानें तें सर्वांना मिळावें, असें त्याचें म्हणणें होतें. कारण मजुरालाही शंभरांत पांच गुण त्याचेच लागतात, आणि कारभार घरांतही करावाच लागतो. इंजिनिअर होऊं पाहणाऱ्या तरुणांना त्यानें उपदेश केला त्यांत उच्च गणिताचें स्तोम माजवूं नये असें स्पष्ट बजावलें आणि मजुरांशीं सभ्यतेनें वागावें, त्यांचे स्वभाव, त्यांचें काम, त्यांच्या अडचणी समजून घ्याव्यात, मुकादमाकडून शिकण्यास लाजूं नये असें सांगितलें. शाळेच्या पहिल्या नंबरानें फुगलेल्या डोक्याला याहून हितकर औषध नाहीं.

मग हें शास्त्र शिकवितां येतें काय ? फेयॉलच्या आयुष्यावरून उत्तर द्यावयाचें तर तें असें कीं जें अनुभवानें शिकतां येतें तें शब्दांत मांडलें असतां दुसऱ्याला लवकर शिकतां येतें. पण शब्दांनीं अनुभवाची जागा भरून निघत नाहीं. शिकविलें नाहीं तरी माणसें कारभार शिकतातच. मात्र तें शिक्षण इतरांच्या खर्चानें होतें. त्याची किंमत कधीं एका दिवसाच्या उत्पादनावर भागते, कधीं गांवच्या गांव चुकविते, तर कधीं ती देकाझव्हीलच्या खिडकीखालीं मोजावी लागते. ही किंमत कमी करणें एवढाच पुस्तकी विद्येचा दावा आहे, आणि तो लहान नाहीं.

वर्गनायकाला खडू आणि हजेरीचा कागद सोंपवून शिक्षक बाहेर जातो, तेव्हां अधिकार, जबाबदारी आणि माघारींची व्यवस्था या तिन्ही गोष्टींचा धडा त्या वर्गांत चालूं असतो. त्याला नांव देऊन तो समजावून सांगण्याचें तेवढें राहून जातें. बारावीच्या विद्यार्थ्यानें चौदा तत्त्वें पाठ करण्याआधीं त्याच्या शिक्षकानें त्याला सेंत-एदमोंच्या घोड्याची गोष्ट सांगावी, आणि मग एकच प्रश्न विचारावा : त्या सकाळीं चूक कोणाची होती ? वर्गांतल्या निम्म्या मुलांनीं मोतद्दाराचें नांव घेतलें, तर धडा तेथूनच सुरू करावा.